सुट्टीच्या दिवसांत पाळीव कासवाची व्यवस्था

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा चवथीचे दिवस जवळ आले, की पणजी, मडगाव, वास्को, म्हापसा या शहरांतील पुष्कळशी बिऱ्हाडे आपापल्या मूळ गावी जावयास निघतात. सामानाची बांधाबांध होते, दूधवाल्याला सांगणे होते, वर्तमानपत्र बंद केले जाते, तुळशीला पाणी घालण्याचे काम शेजाऱ्यांकडे सोपविले जाते. मांजर आपले पोट आपण भरते. कुत्रा बहुधा बरोबर जातो. दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत असलेल्या कासवाचे नाव मात्र अगदी शेवटच्या घटकेला निघते, आणि मग मूठभर खाद्य पाण्यात टाकून, "त्याला काय, ते महिनाभरही उपाशी राहते," असे म्हणत दाराला कुलूप लावले जाते. या मुठीनेच पुष्कळदा कासवाचा घात होतो.

कासव, घोरपड, सरडा, साप हे सरपटणारे प्राणी गाय, शेळी, कुत्रा यांच्याहून वेगळ्या रीतीने जगतात. त्यांची काळजी घेणे कठीण नाही. किंबहुना आठ-दहा दिवसांच्या गैरहजेरीत त्यांची सोय लावणे कुत्र्याची सोय लावण्याहून सोपे आहे. परंतु ती काळजी कशाची घ्यावयाची, हे आधी समजले पाहिजे.

कासव कोणते?

शहरांतील घरांत आज जे कासव बहुतेक करून दिसते, ते लाल कानाचे कासव होय. बाजारात ते 'रेड-इअर्ड स्लायडर' या नावाने विकले जाते. शास्त्रीय नाव ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स. डोळ्याच्या मागे तांबडा पट्टा, पाठ हिरवी, आकार रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याहून थोडा अधिक, असे ते पिलू असताना दिसते. घरात कासव असणे शुभ, या समजुतीनेही त्याचा खप वाढला आहे. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील आहे. विकत घेताना तळहातावर मावणारे हे पिलू पुढे पंचवीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे जगते, ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही.

आपल्या विहिरींत व तळ्यांत आढळणारे मऊ पाठीचे कासव, काळे कासव, किंवा पाठीवर पिवळ्या तारकांची नक्षी असलेले तारा-कासव यांची गोष्ट निराळी आहे. भारतातील या कासवांना १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबागच्या किनाऱ्यांवर अंडी घालावयास येणाऱ्या सागरी कासवांनाही तेच संरक्षण लाभले आहे. २०२२ साली हा कायदा दुरुस्त करण्यात आला आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती अमलात आली. तीनुसार पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सात वर्षांचा कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. तारा-कासव या पहिल्या अनुसूचीत आहे. असे कासव 'आठ दिवस सांभाळा' म्हणून शेजाऱ्याच्या हाती देणे म्हणजे त्या भल्या माणसालाही गुन्ह्यात ओढणे होय. कोणाकडे अशी कासवे असतील, तर सुट्टीच्या व्यवस्थेचा विचार करण्याआधी वन खात्याच्या नजीकच्या कार्यालयात जाऊन ती स्वाधीन करण्याची बोलणी करावी.

हिरवा इग्वाना, बॉल पायथॉन असे परदेशी प्राणी काही हौशी मंडळी पाळतात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या सूचीत ते असल्याने, याच दुरुस्तीनुसार व २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याच्या घरी ठेवावयाचा असेल, तर नोंदणीच्या कागदाची प्रत त्याच्याबरोबर द्यावी. या लेखातील पुढील विवेचन मुख्यतः लाल कानाच्या कासवाविषयी आहे, कारण घरोघरी तेच आहे.

एक गोष्ट मात्र सर्वच प्राण्यांना लागू आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार, पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, किंवा उपासमार होईल अशा स्थितीत त्यास विनाकारण टाकून जाणे, हा अपराध आहे. कासव ओरडत नाही, म्हणून ते या कायद्याच्या बाहेर राहत नाही.

मुठीचा हिशेब

माणूस किंवा गाय जे अन्न खाते, त्याचा मोठा भाग अंगाची ऊब टिकविण्यात खर्च होतो. सरपटणारा प्राणी ही ऊब स्वतः निर्माण करीत नाही, ती उन्हातून, तापलेल्या दगडातून, कोमट पाण्यातून घेतो. त्यास 'शीत रक्ताचा' म्हणण्याची पाठ्यपुस्तकी पद्धत थोडी फसवी आहे. दुपारी उन्हात बसलेल्या कासवाचे रक्त काही थंड नसते. परंतु या एका फरकामुळे त्याला अन्न फारच थोडे लागते. पूर्ण वाढलेले, निरोगी कासव आठवडाभर काही न खाताही सुखरूप राहू शकते. दोन-चार महिन्यांच्या पिलाला मात्र रोज, निदान एक दिवसाआड, खाद्य मिळावयास हवे. त्याच्या अंगात साठा नसतो.

तेव्हा निघताना 'शिदोरी' म्हणून अधिक खाद्य टाकणे निरर्थक आहे, आणि अपायकारकही. कासव त्यातले जेमतेम एका दिवसाचे खाते. उरलेले पाण्यात फुगते, फुटते, कुजते. कुजलेल्या अन्नातून व विष्ठेतून अमोनिया तयार होतो. पाणी पांढुरके होते, त्याला उग्र वास येऊ लागतो, कासवाचे डोळे चुरचुरतात आणि सुजतात, कवचाला व कातडीला संसर्ग होतो. मालक परत येतो तो कासव उपाशी मेले असे समजतो. ते बहुधा उपासाने मेलेले नसते. घाण पाण्याने मेलेले असते. सुट्टीसाठी म्हणून बाजारात मिळणाऱ्या, पाण्यात हळूहळू विरघळणाऱ्या खाद्याच्या वड्यांचेही तेच आहे. त्या न वापराव्यात हे बरे.

मग प्रमाण कोणते? कासवाच्या डोक्याएवढ्या जागेत मावतील इतके दाणे म्हणजे एका वेळचे खाद्य, असा एक सोपा अंदाज पाळणारे लोक वापरतात. मोठ्या कासवाला हे दोन-तीन दिवसांनी एकदा पुरते. त्याशिवाय माठाची किंवा शेवग्याची कोवळी पाने टाकता येतात. वाढलेली कासवे वनस्पती आवडीने खातात. भात, पाव, चपाती, दूध देऊ नये. सुके खारे सुंगट देण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. मिठामुळे तेही वर्ज्य समजावे.

यातून व्यवहारात उपयोगी पडणारी एक युक्ती निघते. खाद्याचा डबा शेजाऱ्याच्या हाती मुळीच देऊ नये. वर्तमानपत्राच्या कागदाच्या लहान लहान पुड्या बांधाव्यात, प्रत्येक पुडीत एका वेळचेच खाद्य ठेवावे आणि पुडीवर वार लिहावा: सोमवार, गुरुवार, रविवार. डबा कपाटात बंद करून ठेवावा. कासव माणूस दिसला की काचेपाशी येऊन पाय मारते, मान वर करते. ते भुकेचे लक्षण नसून सवयीचे आहे. परंतु दयाळू शेजाऱ्याचे मन द्रवते आणि तो पुन्हा एक चिमूट टाकतो. पुड्या असल्या म्हणजे ही दया आवरते.

पाणी

निघण्याच्या दिवशी घाईघाईने टाकी धुऊ नये. दोन दिवस आधी पाणी बदलावे, गाळणीचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून काढावा आणि मग दोन दिवस सर्व काही ठीक चालले आहे की नाही, हे पाहावे. गाळणी नळाच्या पाण्याखाली घासूनपुसून धुतली, तर घाण पचविणारे उपयुक्त जंतू क्लोरीनने मरतात आणि टाकी उलट लवकर बिघडते. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग वापरले की क्लोरीन बरेचसे उडून जाते. म्हणून निघण्यापूर्वी झाकण नसलेली एक भरलेली बादली टाकीजवळ ठेवून जावे. लहान मूल घरात येत असेल, तर मात्र ती न्हाणीघरात ठेवावी.

पाण्याच्या खोलीविषयी चुकीची कल्पना रूढ आहे. पाणी उथळ असले की कासव बुडणार नाही, असे समजून काहीजण टाकीत चार बोटेच पाणी ठेवून जातात. वास्तविक हे कासव उत्तम पोहणारे आहे. उथळ पाण्यात ते दगडावरून घसरून उलटे पडले, तर त्याला पुन्हा सुलटे होता येत नाही आणि नाक पाण्याखाली राहून ते गुदमरते. पाण्याची खोली निदान त्याच्या कवचाच्या रुंदीहून अधिक असावी, आणि अंग पूर्णपणे कोरडे होईल असा दगड किंवा फळी टाकीत भक्कम बसविलेली असावी. डळमळीत दगडांची रास मुळीच ठेवू नये.

वीज आणि ऊन

कुलूप लावताना घरातील मेन स्विच बंद करण्याची चांगली सवय आपल्याकडे आहे. कासव घरात असेल तर हीच सवय गाळणी बंद पाडते. पाण्यात बुडालेली गाळणी थांबली की एका दिवसात पाणी जड होऊ लागते. तेव्हा टाकीची जोडणी ज्या पट्टीवर आहे, तेवढीच चालू ठेवून बाकीची बटणे एकेक करून बंद करावी, किंवा सरळ कासव शेजाऱ्याच्या घरी हलवावे. गाळणीची वायर बटणाकडे जाताना मध्ये खाली लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी बटणात न जाता त्या लोंबत्या भागावरून खाली पडते. मे महिन्यात पाणी भराभर आटते. पातळी गाळणीच्या तोंडाखाली गेली, तर ती कोरडी फिरून जळते. दर दोन दिवसांनी बादलीतील पाणी घालण्यास शेजाऱ्यास सांगणे हे खाद्य देण्यास सांगण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात वीज जाते-येते. गाळणी पुन्हा चालू झाली की नाही, हे पाहण्यासही सांगावे.

या कासवाला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते आणि ऊन घेण्याच्या जागी ३० अंशांच्या थोडे वर ऊब असावी लागते. गोव्यात वर्षाच्या बहुतेक काळात ही ऊब आपोआप मिळते. हिवाळ्यात बेळगावास किंवा त्याहून उत्तरेकडे राहणाऱ्यांना मात्र पाणी कोमट ठेवणारे हीटर लागतात. गोव्याच्या बंद घरात धोका थंडीचा नाही, उन्हाचा आहे. सर्व खिडक्या बंद, पंखा बंद, आणि टाकीवर पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन, अशी स्थिती मे महिन्यात तीन-चार तास राहिली, तर लहान टाकीतील पाणी प्राणघातक इतके तापते. कासवाला पळून जावयास सावली नसते. टाकी खिडकीपासून दूर, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात हलवावी, आणि जागा बदलल्यावर निदान एक दिवस तापमापक लावून दुपारचे तापमान पाहून घ्यावे. हा तापमापक शंभर-दोनशे रुपयांचा असतो. तेवढ्यावर काटकसर करू नये.

कवच घट्ट राहण्यासाठी कासवाला उन्हातील जंबुपार किरणांची गरज असते, हे खरे. हे किरण खिडकीच्या काचेतून पुरेसे येत नाहीत. म्हणून पाळणारे लोक एक तर त्याला सकाळी कोवळ्या उन्हात ठेवतात, नाही तर खास दिवा लावतात. परंतु दहा दिवस ऊन चुकले, म्हणून कवच मऊ पडत नाही. शेजाऱ्याने कासव गच्चीवर उन्हात ठेवावे, असे कधीही सांगू नये. कावळा, घार, कुत्रा आणि विसरभोळेपणा हे चारही तेथे टपलेले असतात.

शेजाऱ्याकडे सोपविताना

समजा, पणजीतील एक कुटुंब चवथीसाठी दहा दिवस सत्तरीतील आपल्या मूळ घरी जाणार आहे. कासव सहा वर्षांचे, धडधाकट आहे. त्याला बरोबर नेण्याचे कारण नाही. प्रवास, नवी जागा, पाहुण्यांची वर्दळ, मुलांची हाताळणी आणि फटाक्यांचा आवाज यांपेक्षा आपल्या टाकीत शांतपणे राहणे त्याला अधिक सोसते. अशा वेळी शेजारच्या काकींनी दर दोन दिवसांनी दहा मिनिटे येऊन जाणे पुरेसे आहे. मात्र त्यांना निघण्याच्या आदल्या रात्री किल्ली देऊन चालत नाही. आठवडाभर आधी एकदा त्यांना बोलावून, त्यांच्याच हातून खाद्य घालवावे आणि पाणी भरवावे. ज्यांना कासवाची किळस किंवा भीती वाटते त्यांच्यावर हे काम भिडेखातर लादू नये. ते नाही म्हणणार नाहीत, आणि करणारही नाहीत.

सूचना तोंडी न देता कागदावर लिहून टाकीवर चिकटवाव्यात. त्या लांबलचक असू नयेत. एवढे पुरते:

"काकी, पुडीवरच्या वारी पुडीतले खाद्य टाकावे. अर्ध्या तासाने उरलेले जाळीने काढून टाकावे. पाणी खुणेच्या रेषेखाली गेले, तर बादलीतले घालावे. गाळणीचा आवाज येतो का, ते बघावे. कासवाला हात लावण्याची गरज नाही. हात लागलाच, तर साबणाने धुवावे. काही वेगळे वाटल्यास फोन करावा. रात्र झाली तरी संकोच नको."

या कागदाखाली आपला आणि पशुवैद्याचा फोन क्रमांक लिहावा. सर्वच पशुवैद्य कासवांवर उपचार करीत नाहीत. गरज पडल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा पशुसंवर्धन खात्याच्या नजीकच्या दवाखान्यात आधीच चौकशी करून ठेवणे इष्ट. औषधाचा खर्च कोणी द्यावयाचा याची भीड शेजाऱ्याला पडू नये म्हणून थोडे पैसे पाकिटात ठेवून जावेत.

'काही वेगळे' म्हणजे काय, हे नवख्या माणसास सांगावे लागते. कासव एक दिवस जेवले नाही, मागचे पाय लांब करून दगडावर पडून राहिले, कवचाचे पातळ पापुद्रे पाण्यात तरंगताना दिसले, तर चिंतेचे कारण नाही. परंतु डोळे सुजून मिटलेले असणे, नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, पाण्यात एका बाजूस कलंडून तरंगणे ही आजाराची लक्षणे होत. शेवटची तीन बहुधा फुप्फुसाच्या विकाराची असतात. यांपैकी एक जरी दिसले, तरी मालक परत येईपर्यंत थांबू नये.

कासव खरोखरच दुसऱ्या घरी न्यावयाचे असेल, तर ते पाण्याने भरलेल्या डब्यातून नेऊ नये. हिंदकळणाऱ्या पाण्यात ते आपटते आणि दमते. झाकणाला भोके असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओला कापड अंथरून त्यावर ते ठेवावे. काही तासांच्या प्रवासास एवढे पुरते. डबा बसच्या टपावर किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये. बंद मोटार उन्हात अर्ध्या तासात भट्टीसारखी तापते.

हात धुण्याची सूचना शिष्टाचार म्हणून दिलेली नाही. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात. त्यांनी माणसाला ताप, पोटदुखी व जुलाब होतात; पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना त्याचा धोका अधिक. मुले लहान कासव तोंडाजवळ नेतात, या कारणास्तव अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरहून, लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री करण्यास बंदी आहे. टाकीतले पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये, टाकीची जाळी व भांडी जेवणाच्या भांड्यांत मिसळू नयेत. ज्या घरी रांगते मूल आहे, त्या घरी कासव ठेवावयास देऊ नये, मग ते घर कितीही जवळच्या नातलगाचे असो.

शाळेतील टाकी

काही शाळांत विज्ञानाच्या खोलीत कासवाची टाकी असते. मुलांना तिचे अपार कौतुक असते, म्हणून कोणी पालक कासव भेट देतात आणि शाळा ते नाकारीत नाही. अडचण मे महिन्यात येते. घरातील सुट्टी दहा दिवसांची, शाळेची महिनाभराची. एवढ्या काळात 'शिपाई बघेल' असे म्हणून भागत नाही, कारण शिपायालाही रजा असते, खोल्या बंद असतात आणि वीज तोडलेली असते. मुख्याध्यापकांनी एप्रिलमध्येच एका शिक्षकाचे नाव त्यासाठी निश्चित करावे आणि टाकीसकट कासव त्यांच्या घरी हलवावे. मुलांच्या घरी पाळीपाळीने पाठविण्याची कल्पना आकर्षक वाटते. परंतु दर आठवड्याला नवी जागा, नवे पाणी, आणि त्या घरात लहान भावंड आहे की नाही याची माहिती नाही, म्हणून ती टाळलेली बरी.

या निमित्ताने वर्गात एक चांगला पाठ घेता येतो. सुट्टीपूर्वी पंधरवडाभर मुलांनी टाकीच्या पाण्याचे सकाळचे आणि दुपारचे तापमान लिहावे, कासवाने त्या दिवशी किती खाल्ले आणि किती वेळ दगडावर बसले, याची नोंद समोर करावी. ढगाळ दिवशी ते कमी खाते, कडक दुपारी पाण्यात उतरते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते. हीच नोंदवही सुट्टीत सांभाळणाऱ्या शिक्षकांच्या हाती द्यावी. त्यांना या कासवाची रीत कळते. तथापि ज्या शाळेत अजून कासव नाही, तिने ते मुद्दाम आणू नये, असेच म्हणावे लागेल. वीस-तीस वर्षे जगणारा प्राणी सांभाळण्याची हमी दर काही वर्षांनी बदली होणारे शिक्षक देऊ शकत नाहीत.

तळीत सोडू नये

सुट्टीच्या तोंडावर एक विचार पुष्कळांच्या मनात येतो. कासव मोठे झाले आहे, टाकी अपुरी पडते, शेजारी कोणी घेत नाही; तेव्हा गावी जाताना ते देवळाच्या तळीत किंवा भाटातल्या विहिरीत सोडून द्यावे. बंदिवासातून सुटका केल्याचे पुण्यही मिळेल, असे वाटते. विहिरीत कासव ठेवले की पाणी स्वच्छ राहते, ही जुनी समजूतही या विचारास पाठिंबा देते.

ती जुनी समजूत ज्या कासवांविषयी होती, ती येथलीच होती. लाल कानाचे कासव येथले नाही. ते आक्रमकपणे खाते, मोठे होते, आणि ऊन घेण्याच्या जागा बळकावते. तळीच्या पायऱ्यांवर किंवा काठच्या दगडावर ऊन खाणाऱ्या काळ्या कासवाला त्याच्यामुळे पाण्यात परतावे लागते, आणि ऊन न मिळालेले कासव अन्न पचवू शकत नाही. टाकीतून आणलेले रोगजंतूही पाण्यात पसरतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातील शंभर सर्वांत घातक आक्रमक परकीय जातींची जी यादी केली आहे, तीत या कासवाचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ साली त्याची आयात बंद केली. आपल्या देशात गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते आढळले. २०१८ साली केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यात ते सापडले, आणि पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेने पुढे लोकांना आवाहन करून अशी कासवे गोळा करण्याचे काम हाती घेतले. सोडणारा माणूस एक असतो. शोधून बाहेर काढणारे अनेक लागतात. आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर नियंत्रण घालण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला आहे.

फोंडा तालुक्यातील देवळांच्या तळ्या असोत किंवा डिचोली-सत्तरीतील गावतळी असोत, त्यांतील कासवे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत आली आहेत. गावच्या देवस्थान समितीने आणि पंचायतीने तळीपाशी एक साधा फलक लावला, तरी बरेच काम होईल. ज्यांना कासव सांभाळणे खरोखर अशक्य झाले आहे त्यांनी वन खात्याच्या कार्यालयात किंवा प्राणी कल्याणाचे काम करणाऱ्या संस्थेत चौकशी करावी, नाही तर मोठी टाकी असलेला जबाबदार पाळणारा शोधावा. त्यास वेळ लागतो. म्हणून हा शोध सुट्टीच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन महिने आधी सुरू करावा.

परत आल्यावर

घरी परतल्यावर पहिल्याच दिवशी प्रेमाने दुप्पट खाद्य घालू नये. आधी पाणी पाहावे, वास घ्यावा, गाळणी तपासावी. पाणी गढूळ असेल, तर त्याचा अर्धा भाग बदलावा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी बदलावा. कासवाचे डोळे, नाक, कवचाची कड नीट न्याहाळावी, आणि शक्य असेल तर स्वयंपाकाला न वापरण्याच्या तराजूवर त्याचे वजन करून निघण्यापूर्वीच्या वजनाशी ताडून पाहावे. मग नेहमीचेच खाद्य नेहमीच्याच प्रमाणात द्यावे. आणि उरलेल्या पुड्या मोजाव्यात. दहा दिवसांसाठी ठेवलेल्या चार पुड्यांपैकी एक शिल्लक राहिली असेल, तर काकींना त्याबद्दल विचारू नये. त्यांनी काम चोख केले आहे.